पाहायचे राहून गेलेले जुने भयपट: पाऊस बघून लावायचा क्रम

भयपटांचा शौकीन म्हणवणाऱ्या माणसाला ‘सायको’ पाहिलास का, असं विचारून बघा. तो एक तर ‘लहानपणी कधीतरी’ म्हणेल, नाहीतर चहा मागवेल. मी कितीतरी वर्षं ‘लहानपणी कधीतरी’वर भागवलं. खरं तर लहानपणी आमच्या वाडीत टीव्ही एकच होता आणि अर्धा वेळ कोणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवत असायचं. त्यात ‘सायको’वाला हिचकॉक कुठून दिसणार?

मालवणपासून थोडं आत आमचं घर, बाजारात इलेक्ट्रिकचं छोटं दुकान. प्रोजेक्टर आला तेव्हा ठरवलं, आता थापा पुरे, राहिलेलं सगळं बघून टाकायचं. पहिल्याच जूनमध्ये तीन चित्रपट वाया घालवले. वाईट नव्हते ते, मी चुकीच्या रात्री लावले होते. रॉबर्ट वाइजचा १९६३ चा ‘द हाँटिंग’ हा सगळा दाराआडच्या आवाजांवर उभा असलेला चित्रपट, आणि मी तो मृगाच्या धारेत, मागच्या पडवीतल्या पत्र्याखाली लावला. पडद्यावरची बाई घाबरत होती, आम्हाला नुसता पत्रा ऐकू येत होता. कोकणात हे असं आहे. अंधार फुकट मिळतो, शांतता मात्र ऋतू बघून घ्यावी लागते.

पुढची सगळी पद्धत त्या फसलेल्या रात्रीतून आली.

यादी

जुन्या कॅलेंडरच्या पानाची पाठ घ्या. इंटरनेटवरच्या शंभराच्या याद्या उतरवू नका, त्या पुऱ्या होत नाहीत. पाहिल्याची थाप मारलेले आणि नाव ऐकून ठेवलेले, एवढेच लिहा. दहा-बारा पुरे. प्रत्येकापुढे साल, मिनिटं, मूकपट की बोलपट आणि भाषा लिहा. मिनिटं का, ते पुढे लाईट गेल्यावर कळेल.

मग दोन खुणा करा. शेवट आधीच कळलेल्यांपुढे टिंब, काहीच ठाऊक नसलेल्यांपुढे चांदणी. चांदणीवाले आधी. कोणीतरी जेवता जेवता शेवट फोडायच्या आत ते उरकले पाहिजेत. क्लूझोच्या १९५५ च्या ‘ले दियाबोलिक’च्या शेवटी तर पडद्यावरच विनंती येते, की बाहेर जाऊन मित्रांना काही सांगू नका. १९६० मध्ये हिचकॉकने ‘सायको’ सुरू झाल्यावर कोणाला थिएटरात सोडू नका असा दंडक घातला होता. हे लोक उगाच नखरे करत नव्हते. त्याच कारणासाठी जुने ट्रेलरही बघू नका, त्यांत अर्धी गोष्ट सांगून टाकलेली असते.

प्रत निवडणे

मूकपटांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. मुर्नाऊचा १९२२ चा ‘नोस्फेराटू’ घ्या. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वर तो परवानगी न घेता बेतला होता. स्टोकरच्या विधवेने दावा लावला, कोर्टाने प्रती नष्ट करायचा हुकूम दिला, तरी काही प्रती वाचल्या आणि म्हणून आपण तो बघतो. पण वाचलेल्या प्रती सगळ्या सारख्या नाहीत. त्यातले रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून नंतर फिल्मला निळा रंग दिलेला होता. रंग न दिलेली काळी-पांढरी प्रत तुमच्या हाती लागली, तर त्यातला रक्तपिपासू काउंट ऑरलॉक भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून हिंडताना दिसतो आणि सगळा प्रकार हास्यास्पद होतो. गोष्टीत उन्हाचं महत्त्व काय आहे ते कळल्यावर तर जास्तच. म्हणून रात्र निळी आणि दिवस पिवळसर असलेली दुरुस्त केलेली प्रत शोधा.

दुसरी परीक्षा वेळेची. मूकपटांचा वेग आजच्यासारखा सेकंदाला २४ चौकटी असा ठरलेला नव्हता, बरेच त्याहून सावकाश चालायचे. आजच्या वेगाने सोडले की माणसं लाल मुंग्यांसारखी पळतात. ‘नोस्फेराटू’ दीड तासाच्या आसपास असला पाहिजे. तासाभरात संपणारी प्रत दिसली तर ती पळवलेली किंवा कापलेली आहे, सोडून द्या.

कॉपीराइटचे हक्क संपलेले चित्रपट इंटरनेट आर्काइव्हवर मोफत मिळतात. रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं तर नाव शेवटच्या घटकेला बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर हक्काची ओळ घालायचीच राहिली, त्यामुळे अमेरिकेत तो पहिल्यापासून सगळ्यांचाच झाला. फक्त मोफत प्रतींमध्ये धुरकट फार असतात, पाच मिनिटं चालवून बघा. आणि जे उतरवून ठेवायचं ते मे महिन्यात ठेवा. पावसात रेंजचा भरवसा आमच्याकडे कोणी धरत नाही.

खोली आणि यंत्रं

माजघर उत्तम, खिडक्या कमी असतात. पडवीत लावू नका, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा उजेड भिंतीवर फिरतो. चादर टांगण्यापेक्षा चुना काढलेली सपाट भिंत बरी, चादर वाऱ्याने हलते. साधा एलईडी प्रोजेक्टर आठ-नऊ फुटांवर ठेवला की सहा फुटांच्या आसपास रुंद चित्र मिळतं, घराला पुष्कळ झालं.

टीव्हीवर बघणार असाल तर दोन सेटिंग आधी बदला. हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असतं, मोशन स्मूदिंग किंवा तत्सम, ते बंद. त्याने जुना चित्रपट काल शूट केलेल्या मालिकेसारखा दिसतो. दुसरं, चित्राचा आकार मूळचा राहू द्या. १९५० च्या आधीचे चित्रपट जवळपास चौकोनी आहेत. डावी-उजवीकडे काळे पट्टे दिसले म्हणून ताणून घेतलंत, तर ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला बोरिस कार्लोफचा राक्षस आखूड आणि गुटगुटीत होतो.

आता माझ्या धंद्यातलं. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. प्रत्यक्षात निम्मं धरा, म्हणजे पस्तावणार नाही. प्रोजेक्टर १००, स्पीकर ३०, पंखा ६०, मिळून १९० वॉट. साडेचार तास निघतात. म्हणजे एक चित्रपट निर्धास्त, दुसरा नशिबावर. इन्व्हर्टर साइनवेव्ह घ्या. स्क्वेअरवेव्हवर स्पीकर सारखा घूं करतो, आणि शांत प्रसंगात तो घूं म्हणजे तुमचं भूत.

खारी हवा प्रोजेक्टर खाते, हे गिऱ्हाइकांना सांगून माझा घसा सुकला. काम झालं की झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवा. आणि पहिल्या पावसाच्या संध्याकाळी काहीही लावू नका. मी लावला होता. वारुळातून पंखवाल्या वाळव्या उठल्या आणि दहा मिनिटांत भिंतीवरच्या ऑरलॉकच्या टकलावर शे-दोनशे जमल्या. पुतण्या म्हणाला, हे चित्रपटातच आहे का? ऑरलॉक झालेल्या मॅक्स श्रेकचा एवढा चांगला मेकअप मी पुन्हा पाहिला नाही, पण प्रोजेक्टरच्या पंख्यातून पंख काढायला दुसरा दिवस गेला.

क्रम: आकाशाकडे बघून

साल धरून क्रमाने बघायला सांगणारे पुष्कळ भेटतील. तसं बघितलं तर श्रावण येईपर्यंत माणूस कंटाळतो. आमच्याकडे पाऊस क्रम ठरवतो.

जून-जुलैत आवाज ऐकू येणार नाही हे गृहीत धरा आणि मूकपट लावा. पाऊस स्वतः पार्श्वसंगीत देतो. सुरुवात रॉबर्ट वीनेच्या १९२० च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कालिगारी’ने करा, सव्वा तासाचा आहे. त्यातल्या वाकड्या भिंती आणि टोकदार सावल्या चक्क रंगवलेल्या आहेत. दशावतार बघत वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटायला नको. मागे एक पडदा आणि पुढे एक बाक, त्यावर आपण राजवाडा, अरण्य, पाताळ सगळं मानत आलो. मुंबईच्या मित्राला ‘कालिगारी’ खोटा वाटला, आमच्या वाडीत कोणी तक्रार केली नाही.

मग ‘नोस्फेराटू’. मूकपटाच्या पाट्या वाचायचा म्हाताऱ्या माणसांना कंटाळा येतो, त्यावर उपाय जपानी आहे. तिथे मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी बसून गोष्ट सांगणारे बेन्शी असायचे. अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ त्यांतलाच एक. आमच्याकडे हे काम पुतण्याने केलं, मालवणीत. जेवताना पाहुण्याचं बोट कापतं आणि यजमानाची नजर फिरते, तिथे तो हळूच म्हणाला, ‘बघ, तेच्या बोटाक लागला. आता ह्येका रगताचो वास इलो.’ मागे बसलेल्या दोघी तिघी पाय वर घेऊन बसल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन चित्रपटाला याहून चांगली दाद मिळाली असेल असं मला वाटत नाही.

पावसाच्या भर जोरात चालणारा बोलपट एकच सांगतो: दारिओ अर्जेंतोचा १९७७ चा ‘सुस्पिरिया’. तो सुरूच होतो धो धो पावसात, आणि गॉब्लिन या बँडचं संगीत पत्र्यालाही हार जात नाही. लाल-निळ्या रंगांसाठी भिंत स्वच्छ हवी. पोरांना झोपवून लावा, सुरुवातीचा खून भयंकर आहे.

१ जून ते ३१ जुलै राज्यात मासेमारी बंद असते, त्यामुळे होडीवरची मित्रमंडळी घरी असतात. त्यांच्यासाठी स्पीलबर्गचा १९७५ चा ‘जॉज’. पण उघडिपीची रात्र बघून, दोन वाद्यसुरांची ती धून ऐकू आली पाहिजे. या चित्रपटासाठी बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. शेवटी दिग्दर्शकाने तो दाखवायचाच कमी केला, आणि न दिसणाऱ्या माशानेच लोक जास्त घाबरले. हे मी सांगितल्यावर माझा एक खलाशी मित्र म्हणाला, ‘खारा पाणी इंजिनाक सोडीत नाय, ता माशाक सोडतला?’ पिंपं बांधून माशाला वर ठेवायच्या युक्तीवर मात्र त्यांच्यात इतका वाद पेटला की मला चित्रपट थांबवावा लागला. असे प्रेक्षक मिळाले तर थांबवावा.

श्रावण-भाद्रपदात घर भरतं, चतुर्थीला चाकरमानी येतात, मोठ्यांना गाणी हवी असतात. आपले चित्रपट तेव्हा काढा. कमाल अमरोहींचा ‘महल’, १९४९. ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीला आवाज लांबून जवळ येतो असं वाटावं म्हणून लताबाईंना माइकपासून दूर उभं करून गात गात जवळ चालत यायला लावलं होतं. हे सांगून मग गाणं लावा, सगळे कान टवकारून ऐकतात. रेकॉर्डवर गायिकेचं नाव आधी छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. त्यानंतर ‘बीस साल बाद’, १९६२, संगीत हेमंतकुमार यांचं. आणि तेच हेमंतकुमार ‘गोमू संगतीनं’ गाताना ज्यात ऐकू येतात तो वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’, १९७६. ‘रात्रीस खेळ चाले’ हे गाणंही त्यातलंच. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेल्या त्याच नावाच्या मालिकेमुळे ते शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण मूळ चित्रपट पाहिलेले हात वर करा म्हटलं तर पाच जणांत एक निघतो. यादीत तो नसेल तर आत्ता लिहा.

ऑक्टोबरात उकाडा, पण रातकिड्यांशिवाय आवाज नाही. युनिव्हर्सल या अमेरिकन स्टुडिओचे राक्षस तेव्हा. जेम्स व्हेलचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ १९३१ चा, ७० मिनिटांचा. त्याचा पुढचा भाग ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ १९३५ चा, ७५ मिनिटांचा. एका रात्रीत दोन बघायची सूट मी फक्त या जोडीला देतो. दुसरा पहिल्यापेक्षा चांगला आहे, त्यात विनोदही आहे. बेला लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’ही १९३१ चाच, पण त्यात सुरुवातीच्या पाट्या संपल्या की पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. सवय नसलेल्यांना तो संथ वाटतो. मला स्वतःला त्याचा पूर्वार्धच आवडतो.

मग थंडी. डिसेंबर-जानेवारीत खिडक्या बंद, पंखा बंद, पाऊस नाही, रात्र लांब. यादीतलं सगळ्यात भारी सामान यासाठी राखून ठेवायचं.

आधी जॅक टुर्नरचा ‘कॅट पीपल’, १९४२, ७३ मिनिटं. निर्माता व्हॅल लुटनच्या हाती पैसा थोडा होता, म्हणून सगळं सावल्यांवर काढलं. एक बाई रात्री रस्त्याने चालतेय, एवढाच प्रसंग आहे आणि त्यात एका बसच्या ब्रेकचा फुस्स आवाज. पुढे हजार चित्रपटांनी त्या युक्तीची नक्कल केली. शेवटच्या एसटीतून उतरून आमच्या फाट्यावरून चालत आलेल्या माणसाला तो प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

जॅक क्लेटनचा ‘द इनोसंट्स’, १९६१. सुरुवातीला पडदा पूर्ण काळा असतो आणि एक मुलगी गात असते, कंपनीचं चिन्हही आलेलं नसतं. मी उठून वायर तपासली. दुकानदाराची खोड! तुम्ही उठू नका, यंत्र चालू आहे.

‘सायको’, १०९ मिनिटं. बर्नार्ड हरमनने संगीतात फक्त तंतुवाद्यं वापरली. न्हाणीघराच्या त्या प्रसंगाला संगीतच नको असं हिचकॉकचं आधी मत होतं, हरमनचं ऐकल्यावर बदललं. शेवट आधीच ठाऊक असेल तरी बघा. पहिल्या अर्ध्या तासात ती बाई पैसे घेऊन गाडी चालवत सुटते, त्यातच इतका जीव टांगणीला लागतो की पुढचं विसरायला होतं.

आणि ‘द बर्ड्स’, १९६३, समुद्रकाठच्या गावातला. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर परदेशी कुरव येतात, वाळूवर शेकड्यांनी एका दिशेला तोंड करून बसतात. संध्याकाळी ते बघून यायचं आणि रात्री हा लावायचा. यात नेहमीसारखं संगीत नाही, ऑस्कर साला याने ट्राउटोनियम नावाच्या विजेच्या वाद्यावर काढलेले पक्ष्यांचे आवाज आहेत. दुसऱ्या दिवशी सुकत घातलेल्या माशांवर कावळे उतरले की बघा काय होतं ते.

फेब्रुवारी-मार्चात कोबायाशीचा ‘क्वाइदान’, १९६४. तीन तासांचा आहे, पण चार सुट्या गोष्टी आहेत, चार रात्रींत वाटून घ्या. तिसरी आंधळ्या वादकाची, समुद्रातल्या लढाईत बुडून मेलेल्यांची. ती एकटीच पाहिली तरी चालेल. एप्रिल-मे सोडून द्या. आंब्याच्या पेट्या भरून आलेला माणूस कुठल्याच भुताला घाबरत नाही, तो दहाव्या मिनिटाला घोरतो.

बसताना

फोन ओटीवर, एका टोपलीत. कुरकुरीत काही नको, वेफर्सची पिशवी फोडली की ‘द इनोसंट्स’ मेला. आठळ्या उकडून, मीठ लावून. आवाज नाही, हात गरम राहतात. काजूही चालतील, पण ते लवकर संपतात आणि मग कोणीतरी उठतं.

‘द टेक्सस चेन सॉ मॅसॅकर’, ‘द एक्झॉर्सिस्ट’ वगैरे सत्तरच्या दशकातले असले चित्रपट घरच्या मंडळींबरोबर लावू नका. आधी एकट्याने किंवा एखाद्या मित्राबरोबर बघा, मग ठरवा.

लाईट जाणारच. इन्व्हर्टर नसेल तर पंधरा मिनिटं वाट बघा, अंधारातच. कंदील-बॅटरी लावून गप्पा सुरू झाल्या की जमलेलं मोडतं. लाईट आल्यावर दोन मिनिटं मागे जाऊन सुरू करा, पहिल्यापासून नको. पंधराची तीस झाली तर कॅलेंडरवर मिनिट लिहा आणि झोपा. मिनिटं लिहायला सांगितली ती यासाठी: रात्री साडेनऊनंतर दोन तासांचा चित्रपट सुरू करायचा नाही, ७०-७५ मिनिटांचा चालतो. अर्धवट तुटलेला भयपट दुसऱ्या दिवशी सकाळी पेज खाताना पुरा करता येत नाही, मी करून पाहिलंय.

‘द हाँटिंग’ मी दुसऱ्यांदा लावला तो जानेवारीत. शेजारच्या काकी आल्या होत्या, शाल गुंडाळून, पहिल्या रांगेत. रॉबर्ट वाइज म्हणजे पुढे ‘द साउंड ऑफ म्युझिक’ करणारा, त्यामुळे गाणी असतील अशी त्यांची समजूत. एक तास झाला, दीड तास झाला. भिंतीपलीकडे कोणीतरी ठोकतंय, दाराची मूठ फिरतेय, एवढंच. काकी दर दहा मिनिटांनी विचारत होत्या, ‘झिला, भूत खंय आसा?’ मी म्हटलं, काकी, थांबा. चित्रपट संपला. ‘भूत दाखवलाच नाय मेल्यांनी,’ म्हणत त्या उठल्या, चपला घातल्या, खळ्यापर्यंत गेल्या.

त्यांचं घर आमच्या खळ्यापासून चाळीस पावलांवर आहे. त्या तिथेच उभ्या राहिल्या, शाल सारखी केली, आणि मागे न बघता म्हणाल्या, ‘पोराक वाईच बॅटरी घेवन धाड.’